गाडीखालची तार

आबा गेले आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली. आबा म्हणजे माझे वडील. गाडी चौदा वर्षांची, एके काळी पांढरी, आता आमच्या गावच्या, शेळगावच्या धुळीनं कायमची मळकट. बारामतीत शाळेत शिकवायला जाताना मी ती वापरू लागले आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला छळायला सुरुवात केली. वेग चाळीसच्या वर गेला की खालून टपटप आवाज यायचा. कुणीतरी गाडीखाली पडून बोटांनी वाजवतंय असं वाटायचं. मी विज्ञान शिकवते, असल्या गोष्टी वर्गात उडवून लावते. पण गाडीत एकटी असले की रेडिओ मोठा करायचे, आणि तरीही तो आवाज ऐकू यायचाच.

आवाज कशाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. इंजिनाखाली प्लॅस्टिकचं एक कव्हर असतं, ते क्लिपांनी बसवतात, आणि आमच्या क्लिपा तुटल्या होत्या. ऊसतोड सुरू झाली की आबा टोळीला चहा द्यायला स्वतः रानात जायचे, तेही गाडी घेऊन. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांनी रानातला रस्ता दोन्हीकडं खचतो आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. गाडी बांधावर लावून चालत जा म्हटलं, तर म्हणायचे, "चा गार हुतोय." दर हंगामात तो उंचवटा गाडीचं पोट खरवडायचा.

नव्या क्लिपांसाठी ते स्वतः बारामतीला यायला निघाले होते. मीच नको म्हणाले. वय पंच्याहत्तर, रस्त्याला उसाच्या ट्रकांची रांग. "मी आणते शनिवारी," म्हणाले. दुकान माझ्या शाळेच्या वाटेवरच. दोन शनिवार गेले, मग पेपर तपासायचे आले, मग कुणाचं तरी लग्न. आबा आठवण करायचे ती फोन ठेवता ठेवता. "त्या क्लिपा तेवढ्या बघ. कामात असशील तर ऱ्हाऊ दे." नंतर एकदा म्हणाले, "आता घाई न्हाय. टोळीतल्या एका गड्यानं दिलंय बांधून." मला हायसं वाटलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि त्याच उन्हाळ्यात ते झोपेत गेले.

म्हणून मला तो नुसता आवाज वाटत नव्हता. शनिवारी तो जास्तच येतो असं वाटायला लागलं, तेव्हा मी स्वतःवर चिडले आणि गाडी गॅरेजला नेली. आवाज थांबला की मी सुटेन, एवढंच डोक्यात होतं.

मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली आणि खाली बसून कव्हर सोडवलं. त्याबरोबर ओंजळभर पाचट, उसाचा वाळका पाला, त्यांच्या अंगावर सांडलं. क्लिपांच्या भोकांत ठिबकच्या नळीला लावतात ती रबरं ठोकलेली होती. ती इंजिनाच्या धगीनं सैल पडली असावीत, कारण त्यांच्यावरून तार होती. एकदा बांधलेली गंजलेली, तिच्यावर पुन्हा बांधलेली, तिच्यावर आणखी एक.

"कुणी केलंय हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"टोळीतल्या एका माणसानं."

"एकटाच हुता बिचारा. हे बघा मॅडम, पीळ सगळं एकाच अंगाला. उताणं पडून गुडघ्यानं कव्हर वर दाबलंय आन् एका हातानं तार वडलीया. धराया कुणी असतं तर दोन्हीकडनं आवळून बसलं असतं. वाजलंच नसतं."

मी वाकून पाहिलं. तारेचं प्रत्येक टोक आत दुमडलेलं होतं, कुणाला टोचू नये म्हणून. आमच्या रानाच्या कुंपणाची सगळी टोकं अशीच दुमडलेली आहेत, आणि ते कुंपण आबांनी केलंय. गड्याबिड्यानं काही बांधलं नव्हतं. त्या महिन्यांत मी गावी जात होते, जेवत होते, आईनं दिलेली भाजी घेऊन संध्याकाळच्या आत परतत होते. गाडी समोर छपरात उभी असायची. मला फार लाज वाटली. आबांचा रागही आला. एक हाक मारायला काय झालं होतं?

"वाईच धरता का मॅडम?" मिस्त्री म्हणाले. "जोडीदार जेवाय गेलाय."

मी ओढणी कमरेला खोचली आणि रॅम्पखाली जाऊन बसले. कव्हर तसं हलकं होतं. मी ते दोन्ही हातांनी वर दाबून धरलं आणि मिस्त्री अंगठ्यानं एकेक नवी क्लिप बसवत गेले. तिसऱ्या क्लिपेलाच माझे खांदे भरून आले. मातीचा चुरा तोंडावर पडत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"झालं. सोडा आता, पडत न्हाय," मिस्त्री म्हणाले.

मला ऐकू गेलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. मी धरूनच बसले होते.