युसुफचाचा त्या दिवशी माझ्या घरी नव्हते

काल युसुफचाचा गेले. आणि त्यांच्या मुलीशी मी खोटं बोलले होते.

माझी विद्यार्थिनी नसीमा. तिचे हे वडील. आखाती जहाजांवर स्वयंपाकी होते. रत्नागिरीजवळ खाडीकाठी घर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी इथल्या कॉलेजात इंग्लिश लिटरेचर शिकवते. एफवायच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही. फळ्यावर चार सोप्या ओळी लिहिते आणि विचारते, काय दिसतंय? मराठीत सांगा, चालेल.

त्या वर्षी ओळींमध्ये किनाऱ्यावर उभी असलेली एक बाई होती. समुद्राकडे बघत. बस, एवढंच.

सगळा वर्ग म्हणाला, "वाट बघतेय."

शेवटच्या बाकावरून नसीमा म्हणाली, "नाही मॅडम. ती रागावलीय. माझी आई अशीच उभी राहते."

त्या दिवशी मी ठरवूनच टाकलं, ही मुलगी इंग्लिशच घेणार.

जहाजावरून पुढच्या सुट्टीला आले तेव्हा चाचा स्टाफरूममध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा.

"मॅडम, इंग्लिश समजलं. आम्ही पण बोलतो, यस सर, नो सर. पण हे लिटरेचर काय असतं? ह्यात पुढं काय?"

मी अर्धा तास बोलले. तुमची मुलगी खूप लांब जाईल, म्हणाले.

"किती लांब?" त्यांनी विचारलं.

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

एम.ए. चालू असताना नसीमाची आई गेली. चाचांनी जहाज कायमचं सोडलं. आणि मग तिला इंग्लंडला पीएचडीची स्कॉलरशिप मिळाली.

"नाही जाणार मी. अब्बा एकटे पडतील. इथेच बी.एड. करते."

मी त्यांच्या घरी जाऊन दोघांना समोर बसवलं. तिला रागावले. चाचांना म्हटलं, तुम्ही सांगा.

चाचा म्हणाले, "मी उभं आयुष्य बाहेर काढलं. हिला कुठल्या तोंडानं अडवू?"

मग दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच, "मॅडम, तुम्ही मात्र अधूनमधून येत जा."

नसीमा इंग्लंडला गेली. मी जात होते. रविवारी. मी मासे खाते हे कळल्यावर केवढे खूश झाले होते! बांगड्याचं कालवण करून, मी पहिला घास घेईपर्यंत तोंडाकडे बघत बसायचे.

दीड-दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, बायपास लागेल, कोल्हापूरला न्या.

मी पोचले तेव्हा चाचा नर्सशी हुज्जत घालत होते. घरचा शर्ट घालू द्या म्हणून.

"नसीमाचा फोन यायचाय. तिला हे कळता कामा नये. तिचा तो मोठा पेपर आहे ना, कॉन्फरन्सचा."

मी म्हटलं, "चाचा, तिला कळायला हवं."

"कळलं तर ती सगळं टाकून येईल. मग इतकी वर्षं तुम्ही आणि मी काय केलं?"

तुम्ही आणि मी.

मला ते ऐकून बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं.

व्हिडिओ कॉल आला. सुई लावलेला हात त्यांनी चादरीखाली घेतला. फोन असा धरला की मागे नुसती भिंत दिसावी.

"कुठे आहात अब्बा?"

"मॅडमच्या घरी. जेवायला बोलावलंय."

आणि त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

मी म्हटलं, "हो गं. कुळथाचं पिठलं केलंय."

ती हसली. म्हणाली, "मॅडम, मला पण ठेवा."

कॉन्फरन्स झाली. पेपर छान झाला. तरीही मी सांगितलं नाही. घरी आल्यावर चाचा बरे दिसत होते. ऑपरेशन बकरी ईदनंतर करू म्हणत होते. मीही म्हटलं, करू.

काल सकाळी गेले. दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर दफन झालं. नसीमाला विमान आजचं मिळालं. तिच्या चुलतभावाने फोनवर तिला अब्बांचा चेहरा दाखवला. मी आत बायकांमध्ये, तिच्या फुफूजवळ, म्हणजे चाचांच्या बहिणीजवळ बसले होते. तिचा आवाज आतपर्यंत येत होता.

संध्याकाळी तिने मला फोन केला.

"फुफूने सगळं सांगितलं. त्या पिठल्याच्या दिवशी अब्बा तुमच्या घरी नव्हते ना?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी महिनाभर त्यांच्याजवळ राहिले असते मॅडम."

ती रडत होती. मग म्हणाली, "मागे नुसती भिंत दिसत होती, मलाच कळायला हवं होतं. तुमच्याकडे तीन वर्षं काय शिकले मी?"

"तुझी काही चूक नाही," मी म्हटलं. फोन आधीच कट झाला होता.

आज ॲडमिशनच्या टेबलावर बसले होते. लांज्याहून एक वडील मुलीला घेऊन आले होते. "इंग्लिश घेतलं तर पुढं काय हो मॅडम?"

दरवर्षीचा प्रश्न. शेजारच्या सरांनी उत्तर दिलं.

नसीमा उद्या सकाळच्या गाडीने येतेय. फुफू म्हणाली, "मॅडम, स्टेशनवर तुम्ही नका येऊ. ती फार चिडलीय."

मी जाणार आहे. बोलली नाही तर नाही. बॅग तरी उचलेन.

चाचा, तिला सगळं सांगणार आहे. सुई, शर्ट, चादर, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि मी का गप्प बसले तेसुद्धा.

तुम्ही नको म्हणाला असतात. या वेळी ऐकणार नाही.

सलाम, चाचा. येते मी.