कॅमेऱ्याचं कपाळ

दसऱ्याच्या झेंडूंचा वास नांदेडच्या माझ्या स्टुडिओत भरला, की मला उदगीरच्या घरातली दसऱ्याची एक सकाळ आठवते.

लेन्स नवीकोरी होती आणि संध्याकाळी अहमदपूरला एका बारशाची माझी पहिलीच ऑर्डर होती. आईनं कॅमेरा पाटावर मांडला, फूल वाहिलं आणि हळदीकुंकवाचं बोट थेट लेन्सच्या काचेवर टेकवलं.

"आई, तो डोळा हाय त्याचा," मी कसंबसं म्हणालो.

तिनं जीभ चावली. लहानपणी माझ्या डोळ्यात कुसळ गेलं की करायची, तसा तिनं पदराचा बोळा केला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि काच पुसायला वाकली. मी कॅमेरा पोटाशी धरला. कुंकवाची कणी घासली असती, तर काचेवर कायमची रेघ उठली असती.

मी रबरी फुग्यानं हवा मारून कुंकू उडवलं आणि उरलेला पिवळा डाग लेन्सच्या मऊ कापडानं हलकेच टिपला.

"तू बी फुंकरच मारून राहिलास की," आई म्हणाली. "अन् कपाळ कुठं असतं मग ह्याचं?"

मी लेन्सच्या वरचा उंचवटा दाखवला. तेव्हापासून टिळा तिथंच लागतो.

तेव्हा वैतागलो होतो, आता हसू येतं. परवाच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात नवं भिंग बसलं. आज दसऱ्याला स्टुडिओत कॅमेऱ्याला टिळा लावताना तिच्या डोळ्यातून पाणी आलं. सवयीनं पदर डोळ्याकडं गेला आणि मधेच थांबला.

"माहीत हाय," ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "लेन्सला पदर लावायचा न्हाई."