अरविंदच्या उजवीकडची जागा

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी सांता क्लाराच्या ऑफिसात होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली. चँडलरच्या दुकानात सूप ढवळता ढवळता अरविंद खाली बसला आणि उठलाच नाही... ऐकताक्षणी मला आठवले ते ओकादा-सान. तेही त्याच दुकानात, त्याच पातेल्यापाशी गेले होते.

अरविंद आणि मी पुण्याच्या एकाच कॉलेजातून इकडे आलो, दोघंही चिप बनवणाऱ्या कंपन्यांत लागलो. मंदीत त्याची नोकरी गेली आणि तो जवळच्या रामेनच्या दुकानात जाऊन बसायला लागला. जपानमधल्या एका कंपनीचं अमेरिकेतलं ते पहिलंच दुकान, ओकादा-सान तिथले मुख्य. एकदा नूडल्स कापायचं मशीन बंद पडलं, अरविंदनं ते दुरुस्त करून दिलं आणि तो तिथलाच झाला. जन्माचा शाकाहारी माणूस, पण डुकराच्या हाडांचं सूप चाखल्याशिवाय त्या धंद्यात शिरता येईना. शिकवताना ओकादा-सान त्याच्या उजव्या हाताला उभे राहायचे. अरविंद चमचा तोंडाला लावायचा, त्यांच्याकडे बघायचा. त्यांनी मान हलवली की सूप बाहेर जायचं.

कंपनीनं ॲरिझोनात चँडलरला दुसरं दुकान काढलं, अरविंद बिऱ्हाड घेऊन तिकडे गेला. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ओकादा-सान कोसळले. आता सगळं थांबेल असं अरविंदला वाटलं, पण जपानहून निरोप आला, ठरल्याप्रमाणे उघडा. त्यानं उघडलं.

"यार, मी चमचा तोंडाला लावला आणि उजवीकडे बघितलं," तो मला म्हणाला.

"मग?"

"मग काय... सूप बाहेर पाठवलं."

पुढे दुकानं वाढत गेली. लॉस एंजेलिस, सिएटल, डेन्व्हर. प्रत्येक नव्या दुकानात अरविंद पातेल्याच्या उजवीकडे एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायला लावायचा. अमेरिकन कंत्राटदारांना तो जपानी रिवाज वाटायचा, जपान्यांना हिंदू. एकदा चँडलरच्या दुकानात बोलता बोलता मी त्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

"जरा सरक ना," तो शांतपणे म्हणाला.

"का, कोण येणार आहे?"

"कुणी नाही रे. पण तिथं नको उभा राहूस."

ॲरिझोनातला उन्हाळा, समोर पेटलेल्या शेगड्या... आणि बाजूला होताना माझ्या अंगावर काटा आला होता.

गेल्या आठवड्यात सुनंदाला भेटायला गेलो. बरीच माणसं आली होती, म्हणून गराजमधल्या खुर्च्या आणायला निघालो तर ती आडवी आली.

"ते दार नका उघडू, भाऊजी."

दुकानातून आल्यावर अरविंद गराजमध्येच कपडे बदलायचा. घरात तो वास तिला कधी सहन झाला नव्हता. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा शर्ट अजून आत खिळ्याला होता.

"वास आहे अजून," ती म्हणाली. "उघडलं की जाईल."

मग आम्ही सगळे खालीच बसलो, सतरंजीवर.