चैत्राची पाण्याची बाटली

"मॅडम, ही मुलगी मुद्दाम करते. या आठवड्यात तिसऱ्यांदा बाटली सांडली," असं म्हणत तिसरीच्या क्लास टीचर शोभा मिस चैत्राला हाताला धरून माझ्या केबिनमध्ये घेऊन आल्या. चैत्राचा स्कर्ट पुढून-मागून ओला होता. पाणी मोज्यांपर्यंत ओघळलं होतं. रिकामी बाटली तिनं छातीशी धरली होती. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरमधल्या एका शाळेत मी गेली अकरा वर्षं कौन्सेलर आहे. मूळची साताऱ्याची. नवऱ्याला हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आले. कौन्सेलर म्हणजे मुलांना समोर बसवून गोड उपदेश करणारी बाई, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस टीचर, पालक आणि प्रिन्सिपल यांच्या मधे उभं राहण्यात जातो. (मुलीचं नाव बदललं आहे. तिच्या आईला विचारूनच हे लिहिते आहे.)

मी ती बाटली हातात घेऊन बघितली. झाकणाला सिपर होता. सिपरमधून पाणी थेंब थेंब येतं. अख्खा स्कर्ट भिजवायचा तर झाकण फिरवून काढावं लागतं आणि बाटली उलटी धरावी लागते. आठ वर्षांच्या मुलीनं एवढा खटाटोप कशासाठी करावा? मग वास आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शोभा मिसना मी वर्गात परत पाठवलं.

"चैत्रा, बाटली आधी सांडली की नंतर?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "नंतर, मिस. आयितु, मग बाटली."

आयितु म्हणजे झालं. इथल्या जुन्या मराठी घरांतली मुलं असंच बोलतात, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. चड्डीत लघवी झाली हे कळू नये म्हणून ही पोर स्वतःच्या अंगावर पाणी ओतत होती आणि धांदरट म्हणून बोलणी खात होती. तिच्या दृष्टीनं हा सौदा फायद्याचा होता. मला भरून आलं, पण अशा वेळी मुलांसमोर डोळे पुसायचे नसतात. त्यांना वाटतं, आपण फारच मोठा गुन्हा केला.

चैत्राला एडीएचडी आहे हे शाळेला माहीत होतं. दुसरीत असतानाच तसा रिपोर्ट आला होता. शाळांमध्ये या शब्दाचा अर्थ 'एका जागी बसत नाही' एवढाच लावतात. खरं तर अशा मुलांना लक्ष नसतं असं नाही, ते हवं तेव्हा एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं त्यांना जड जातं. चैत्रा चित्र रंगवायला बसली की बाकी सगळं जग बंद, आणि त्यात तिचं स्वतःचं पोटही आलं. आपल्याला लघवी लागल्याची सूचना बरीच आधी मिळते. तिला कळायचं ते अगदी शेवटच्या मिनिटाला. मग हात वर करा, मिसचं लक्ष जाईपर्यंत थांबा, तीन वर्ग ओलांडून बाथरूम गाठा. एवढा वेळ तिच्याकडे नसायचा.

दुसऱ्या दिवशी आई-वडील आले. सुमाताई आणि त्यांचा नवरा. नवऱ्याचं अग्रहार भागात टेलरिंगचं दुकान आहे, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. मी मराठी बोलते म्हटल्यावर सुमाताईंचे खांदे जरा सैल झाले.

"घरात बी होतंय की, मिस," त्या म्हणाल्या. "टीव्ही बगत बसली तर उठतच नाही. सांगून सांगून साकु झालं बगा, पुरे झालं. आळशी आहे, दुसरं काय?"

"आळस नाही हो तो. तिला कळतच नाही वेळेवर."

"आठ वर्साच्या पोरीला कळत नाही? तिची तंगी पाच वर्साची. तिला कळतंय."

धाकट्या बहिणीशी तुलना आली की मी सावध होते. पुष्कळ समजावलं. एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असंही सांगितलं. "दसऱ्याचं शिवणकाम आटपू दे, मग नेतो," मास्टर म्हणाले. तेवढं एकच वाक्य ते बोलले. मी बरं म्हटलं. तिथे मी हट्ट धरायला हवा होता.

त्याच दुपारी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्या टेबलावर दोन पालकांचे मेल होते. चैत्राच्या अंगाला वास येतो, आमच्या मुलीला तिच्या शेजारी बसवू नका, अशा अर्थाचे.

"तिला डायपर घालून पाठवायला सांगा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ती तिसरीत आहे. एका मुलीला जरी कळलं तरी दहावीपर्यंत तिचं तेच नाव पडेल."

"मग तुम्ही काहीतरी करा. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत बघते. नाही सुधारलं तर त्यांना दुसरी शाळा बघायला सांगावं लागेल."

सहा आठवडे होते. चैत्राला या शाळेत एक मैत्रीण होती, एकच, आणि ती मिळायला दोन वर्षं लागली होती. शाळा बदलली असती तर ते सगळं पहिल्यापासून. मला घाई झाली, आणि घाईत माणूस हाताशी असेल ते उचलतो. माझ्या हाताशी स्टार चार्ट होता. हे आमच्या धंद्यातलं जुनं हत्यार. मुलानं ठरलेली गोष्ट केली की त्या दिवसाच्या चौकटीत एक चांदणी चिकटवायची, पाच चांदण्यांना एक छोटं बक्षीस. मी चार्ट आखला आणि वर लिहिलं, 'कोरडा दिवस'. शोभा मिसनाही सांगून ठेवलं, तिनं हात वर केला की लगेच सोडा.

पहिल्या आठवड्यात दोन चांदण्या मिळाल्या. दुसऱ्यात चार. त्यानंतर एकही चौकट रिकामी राहिली नाही. बाटली सांडायची थांबली. रोज शाळा सुटताना चैत्रा केबिनमध्ये यायची, स्वतःच्या हातानं चांदणी चिकटवायची आणि काही न बोलता जायची. तिला आनंद झालेला दिसत नव्हता. ते मला तेव्हा खटकलं नाही. मी प्रिन्सिपल मॅडमना चार्ट नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड." स्टाफरूममध्ये मी दोघी-तिघींना तो किस्सा रंगवून सांगितला. हेही इथे कबूल करते.

पाचव्या आठवड्यात चैत्रा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सुमाताईंचा फोन आला. पोरगी ॲडमिट होती. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, उलट्या. लघवीतलं इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलं होतं.

मी संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेले. चैत्रा सलाइन लावून झोपली होती. मुलांच्या डॉक्टर राउंडवर होत्या. मी शाळेची कौन्सेलर आहे म्हटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ही मुलगी शाळेत पाणी पीत नाही, माहीत आहे तुम्हाला? सकाळी घरी बाथरूमला जाते ती थेट संध्याकाळी घरी गेल्यावर. दिवसभर दाबून धरते. शिवाय पोट साफ नाही. आतडं मळानं गच्च भरलंय, त्याचा दाब लघवीच्या पिशवीवर येतोय. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, मग इन्फेक्शन होणारच. कोरडी राहिली तर चांदणी, असं कुणी सांगितलं होतं तिला?"

"मी."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "कोरडं राहणं तिच्या हातात नाही. पाणी पिणं आणि जाऊन बसणं, एवढंच तिच्या हातात आहे. चांदणी द्यायची तर त्याला द्या."

मी बाहेर बाकावर येऊन बसले. एक गोष्ट मात्र अजून उलगडत नव्हती. दाबून धरणारी मुलं गळतातच. मग इतके आठवडे ती शाळेत कोरडी कशी दिसली?

मास्टर शेजारी येऊन बसले. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्यातून त्यांनी चैत्राचा शाळेचा स्कर्ट काढला, उलटा केला आणि माझ्या हातात दिला. आतून टॉवेलच्या कापडाचं दुपदरी अस्तर होतं. इतकं बारीक शिवलेलं, की बाहेरून घडीसुद्धा जाड दिसत नव्हती. निकरलाही तसंच.

"मी लावलं, मॅडम," ते म्हणाले. "बाहेर दिसू नये म्हणून. चारी युनिफॉर्मना लावलं. तीस वर्सं झाली शिवतोय, असं काम कोणाला केलं नाही."

"ती दिवसभर ओल्यात बसायची, मास्टर?"

"मला वाटलं, थोडंसं असेल तर सुकून जाईल. घरी आली की आधी बाथरूमला पळायची, कपडे स्वतः धुवायची. मी म्हटलं, पोरगी शहाणी झाली. पोरांनी हसू नये एवढंच बगितलं मी."

त्यांनी अस्तर लावलं होतं, मी चांदण्या. दोघांनीही तिला एकच गोष्ट शिकवली होती, की दिसता कामा नये. त्यापेक्षा तिची बाटली बरी होती, तिच्यात ओलं निदान दिसायचं तरी. मी त्यांना माझ्या चार्टबद्दल सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या तेही. त्यांनी ऐकून घेतलं, स्कर्ट परत मागून घेतला, आणि खिशातल्या छोट्या कात्रीनं तिथेच बाकावर बसून अस्तराचे टाके उसवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. पूर्वी दाखवलेला चार्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "हा चुकीचा आहे. यामुळे ती आजारी पडली." अकरा वर्षांत वरिष्ठांपुढे असं वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी चार्ट बाजूला सारला.

"मग आता?"

"डॉक्टरांचा प्लॅन आहे. दर दोन तासांनी तिला बाथरूमला पाठवायचं, लागो न लागो. पाणी प्यायला लावायचं. पोट साफ राहायचं औषध चालू आहे. अपघात होतील. झाले तर माझ्या केबिनमध्ये कपड्यांचा जोड असेल."

"किती दिवस?"

"काही महिने लागतील. नक्की सांगता येत नाही."

"आणि त्या पालकांना मी काय सांगू?"

"मुलगी ट्रीटमेंटवर आहे एवढंच सांगा. पुढचं कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

त्यांनी लगेच होकार दिला नाही. डॉक्टरांचं पत्र मागितलं, जबाबदारी माझी असं माझ्याकडून लिहून घेतलं, मग म्हणाल्या, "ॲन्युअल एक्झामपर्यंत बघू." दसऱ्याची तलवार निदान म्यानात गेली.

सगळ्यात अवघड काम शोभा मिसनी सोपं केलं. दर दोन तासांनी एकाच मुलीला उठवून बाथरूमला पाठवलं, तर वर्गाला कळायला किती वेळ लागणार? त्यांनी चैत्राला निरोप्याचं काम दिलं. ठरलेल्या वेळी तिच्या हातात एक वही द्यायची, ती माझ्या केबिनमध्ये पोचवायची, वाटेत बाथरूम. वहीत काही नसायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांना त्या वहीचा हेवा वाटायला लागला. बाटली मुद्दाम सांडते म्हणून तक्रार घेऊन आलेल्या याच बाई. सुमाताईंनी बाटलीवर नेलपॉलिशनं तीन रेघा मारल्या. इथवर पहिल्या सुट्टीपर्यंत, इथवर जेवणापर्यंत, इथवर घरी जाईपर्यंत. नवीन चार्टला दोनच रकाने होते, 'पाणी प्यायले' आणि 'जाऊन बसले'. कोरड्या दिवसाचा उल्लेखच नाही.

लगेच जादू झाली नाही. दसऱ्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पाणी वाढल्यामुळे अपघातही वाढले. सुमाताई एकदा फोनवर रडल्या. मीही त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण चिडले. डिसेंबरात आठवड्याला एखाद-दुसरा अपघात राहिला. आता चैत्रा चौथीत आहे, याच शाळेत. मैत्रीण शेजारीच बसते. अजूनही कधीतरी होतं, विशेषतः चित्रकलेच्या तासाला.

माझ्यापुरता धडा सरळ आहे. जे मुलाच्या हातात नाही त्याला बक्षीस देऊ नये. दिलं, तर मूल ते मिळवतं, आणि कशाच्या बदल्यात मिळवलं ते आपल्याला सांगत नाही.

ती चौथीत जाण्याआधीच्या जानेवारीतल्या एका दुपारी केबिनचं दार वाजलं. चैत्रा एकटी उभी होती. स्कर्ट ओला, मोजे ओले. कुणी हाताला धरून आणलं नव्हतं. हातात बाटली होती, झाकण घट्ट लावलेली, पाणी बरोबर दुसऱ्या रेघेवर.

"मिस, आयितु," ती म्हणाली. आणि मग, मला दिसावी म्हणून बाटली जरा पुढे करून, "ही नाही सांडली."

मी तिला कोरडे कपडे दिले. ती बदलून आली आणि सवयीनं चार्टपुढे जाऊन उभी राहिली. झालेलं येऊन सांगितलं, यासाठी चार्टमध्ये रकाना नव्हता. मी पेन घेतलं आणि तिसरा रकाना आखला.