एटाच्या तोंडची आईची भाषा

टोरांटोतल्या त्या इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेत एटा वरच्या वर्गाला भूतकाळ समजावून सांगत होती. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, मुलं एकमेकांकडे बघतायत. तिनं वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं. मागच्या बाकावरच्या ब्राझीलच्या थियागोनं बिचकत हात वर केला.

"टीचर, हे इंग्रजी आहे?"

एटा भडकली. "इंग्रजी नाही तर काय?" असं ती बोलली, आणि आपलेच शब्द कानावर पडताच गारठली. ती हंगेरियन बोलत होती. हातातला मार्कर गळून पडला. उजवा हात उचलेना.

कालवा ऐकून शेजारच्या वर्गातून नेनिटा धावत आली. ती फिलिपिन्सची. मागोमाग त्रिनिदादचा डेझमंड. त्या शाळेत प्रत्येक शिक्षकाच्या इंग्रजीला आपापल्या गावचा वास होता. एकट्या एटाचं तेवढं अस्सल इथलं. शाळा बघायला कुणी आलं की संचालक तिलाच पुढे करायचे. सातव्या वर्षी ती आईबापांबरोबर हंगेरीहून आली होती, हे तिनं कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. लहानपणी वर्गातल्या पोरांनी चिडवून चिडवून नको केलं, तेव्हापासून घरातली भाषा तिनं घरातच ठेवली. आई गेल्यावर तीही बंद झाली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत गुठळी झालीय. मागून शिकलेली इंग्रजी गेली, पहिली हंगेरियन राहिली. येईल परत. पण किती येईल, नाही सांगता येत."

"हंगेरियन? आपली एटा?" डेझमंड मटकन खुर्चीत बसला.

नेनिटा मात्र कमरेवर हात ठेवून खाटेपाशी उभी राहिली. "इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्लास, बये, आणि एका शब्दानं बोलली नाहीस? मी आपली उच्चार चुकतील म्हणून तुझ्यापुढे तोंड मिटून बसायची!"

एटाला शब्द अर्धेमुर्धे कळले, सूर पुरता कळला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नेनिटा आलं घातलेली भाताची पेज घेऊन हजर. मग रोजच यायला लागली. चमचा वर धरून विचारायची, "काय गं हे?"

"कनाल."

"ते तुझ्या आईचं झालं. आता आपलं, शाळेतलं सांग."

बऱ्याच दिवसांनी एकदाचं ओठांवर आलं, "स्पून." नेनिटानं टाळी वाजवली. एटा मात्र सुन्न झाली. तो आवाज तिचा नव्हताच. खाटकाच्या दुकानात मोडक्यातोडक्या इंग्रजीत मटण मागणाऱ्या आईचा होता, हुबेहूब. तेव्हा छोटी एटा लांब, दाराशी जाऊन उभी राहायची. ही बाई आपली कुणी नाही असं दाखवत.

"काय झालं गं? दुखतंय कुठं?" नेनिटानं घाबरून विचारलं.

एटा हंगेरियनमध्ये खूप वेळ बोलत राहिली. नेनिटाला ओ की ठो कळलं नाही, पण ती पेज निवेपर्यंत ऐकत बसली.

वरचा वर्ग एटाला पुन्हा मिळाला नाही. इंग्रजी आलं, पण लंगडत, आणि ते आईच्या वळणाचंच राहिलं. हल्ली नवख्यांचा वर्ग ती आणि नेनिटा मिळून घेतात. मध्येच एखादा शब्द सापडेनासा होतो, एटा गप्प उभी राहते. कुणी हसत नाही. पहिल्या बाकावरची सिरियाची आजी म्हणते, "सावकाश, टीचर. आम्हालाही कुठं येतंय!"