चुन्याची निवळी, थेंब थेंब

ज्या माणसाने सगळा जन्म पाण्यातून कॅल्शियम काढण्यात घालवला, त्याच्याच बायकोला पाण्यात कॅल्शियम वाढवायचं वेड लागावं, याला काय म्हणायचं? आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये याला फुकटची करमणूक म्हणत.

आमचे हे कारखान्यात बॉयलरच्या पाण्यावर होते. बॉयलरला जाणारं पाणी मऊ ठेवायचं, एवढंच त्यांचं काम, पण त्यात चूक झाली तर सगळा खेळ खलास. पाण्यात क्षार राहिले की नळीला आतून पुट चढतं, पुट चढलं की नळी तापते, फुगते आणि एक दिवस फुटते. त्यामुळे पुट हा आमच्या घरचा शत्रू होता. गिझरवर, बादलीवर, चहाच्या पातेल्यावर पांढरी रेघ दिसली की हे व्हिनेगर घेऊन धावत. इतरांचे नवरे रविवारी क्रिकेट बघत, आमचे तोट्या घासत.

मी राजधानी बदलली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेल्या घरातली. समुद्राशी माझा संबंध मिठापुरता. पण लेक मुंबईला नोकरीला लागली आणि तिने एकदा मला खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या दुकानात नेलं. तिथल्या टाकीतले खडक गुलाबी-जांभळे होते. मला वाटलं रंगवलेत. दुकानदार म्हणाला, हा रंग नव्हे, ही वनस्पती आहे. पाण्यातलं कॅल्शियम घेते आणि दगडावर कवचासारखी पसरते. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की त्याने शेवटी मला स्टूल आणून दिलं. वर्षभरात आमच्या हॉलच्या कोपऱ्यात, फरशीलगत एका पाटावर, टाकी आली. तिच्यात पांढरेफटक कोरडे खडक, दोन नारिंगी मासे, आणि विरजणाला घालावा तसा गुलाबी खडकाचा एक छोटा तुकडा.

अडचण एकच होती. यांची निवृत्ती जवळ आलेली, क्वार्टर सोडून कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये जायचं, आणि तो फ्लॅट क्वार्टरच्या निम्मा. यांनी अट घातली. जायच्या आधी खडक गुलाबी झाले तर टाकी न्यायची. पांढरेच राहिले तर टाकी टाउनशिपच्या क्लबला, कारण मेलेले धोंडे तिसऱ्या मजल्यावर चढवायची यांची तयारी नव्हती. मी तावातावाने हो म्हटलं. त्या घराच्या भिंती कारखान्याच्या, रंग कारखान्याचा, पंख्यांवरसुद्धा कारखान्याचे नंबर. माझी म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती आणि ती मला हवी म्हणजे हवीच होती.

कॅल्शियम मोजायची चाचणी यांच्याच ओळखीची निघाली. टाकीतलं थोडं पाणी नळीत घ्यायचं, पूड टाकली की ते गुलाबी होतं, मग थेंब सोडत जायचं, ते निळं होईपर्यंत. जितके थेंब जास्त, तितकं कॅल्शियम जास्त. कारखान्यात पहिल्याच थेंबाला निळं झालं की यांचा दिवस सोन्याचा. पहिल्या वेळी आमचं पाणी झटकन निळं झालं आणि यांच्या तोंडून पटकन गेलं, वा, छान मऊ आहे. मी नुसतं बघितलं. ते चहा करायला आत गेले.

मग वाढवायचं कसं, याचं वाचन सुरू झालं. परदेशातले लोक कसल्याशा पावडरीचं पाणी करून घालत होते. पावडर पाण्यात ढवळा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी तेवढं घ्या. वाचता वाचता मला हसू आवरेना. ही तर चुन्याची निवळी. लेकीला दात येत होते तेव्हा सासूबाई रोज चमचाभर पाजायच्या, तीच. एवढ्या मोठ्या समुद्राला शेवटी आमच्या सासूबाईंचंच औषध लागत होतं.

मी गोविंदपुऱ्याच्या पानवाल्याकडून साधा, बिनवासाचा चुना आणायला लागले. सोबत पान नाही, सुपारी नाही, नुसता चुना, आणि तोही भाजी घ्यावी तसा. तो माझ्या दातांकडे चिंतेने बघायचा. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात तांब्याभर निवळी मी टाकीत एकदम ओतली, तर पाण्याचं ताक झालं आणि मासे दिसेनासे झाले. ते निवळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. एकदम ओतलं तर पाणी फार जहाल होतं आणि कॅल्शियम पाण्यात न राहता पांढऱ्या भुकटीसारखं खाली बसतं, हे तेव्हा कळलं. मग औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला, बाटलीत निवळी भरली, ती पडद्याच्या दांडीला टांगली आणि थेंब थेंब सोडायला लागले. भोपाळच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी रोज उडायचंच, त्याची भरपाई या निवळीने व्हायची. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी खिडकीतून ते सलाइन पाहिलं आणि मोसंबी घेऊन आल्या. भाईसाहबांना काय झालं, म्हणून हळू आवाजात विचारू लागल्या. भाईसाहब मागे उभे राहून त्यांचंच मोसंबं सोलत होते.

चाचणीचे थेंब वाढत गेले. आणि एका सकाळी मागच्या काचेवर मोहरीएवढा गुलाबी ठिपका दिसला. मग आणखी. मी लेकीला मीटिंगमधून उठवून फोनवर सांगितलं. कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या, वरणाचा लगदा झाला, आणि मी हॉलमध्ये चक्क गिरक्या घेत होते. या वयात, साडीत.

त्यानंतर भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले. परत आले तर हे दारातच उभे, चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. टाकीची काच लख्ख. मी नव्हते तेवढ्यात यांनी जुनं ब्लेड घेऊन मागच्या काचेवरचे सगळे ठिपके खरवडून काढले होते. यांना काचेवर पुट दिसलं, आणि पुट दिसल्यावर यांचा हात थांबत नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि लग्नाचे लाडू सगळे समोरच्या बाईंना देऊन आले. यांना एकही दिला नाही.

निवळी चालू ठेवली, पण काचेवर पुन्हा काही उगवेना. क्वार्टर सोडायचे दिवस आले, खोकी बांधून झाली. वर आणखी एक संकट. निवळी होती तेवढीच, तरी चाचणीचं पाणी दर आठवड्याला आधीपेक्षा कमी थेंबांत निळं व्हायला लागलं. कॅल्शियम घसरत होतं. शेवटच्या रविवारी हेच चाचणी करत होते. निळं झालं, आणि सवयीने यांचा चेहरा खुलला. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, द्या ती क्लबला, मला बघायचीसुद्धा नाही.

यांनी नळी उजेडात धरली. मग म्हणाले, "अगं, कॅल्शियम काय पाय लावून पळतं का? आत गेलंय आणि पाण्यात नाही, म्हणजे कुठेतरी बसलंय."

त्यांनी टॉर्च आणला. बॉयलरमध्ये पुट शोधतात ते उजेडाच्या बाजूला नाही शोधत, हे मला त्या दिवशी कळलं. हे सरळ फरशीवर पालथे झाले, गाल जमिनीला टेकवला आणि टॉर्च खालून तिरका धरला. मी डोळे पुसत त्यांच्या गुडघेदुखीची आठवण करून देत होते. मग त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते.

"चढलंय," ते म्हणाले. "पुट चढलंय गं."

मीही साडी सावरत शेजारी पालथी पडले. खडकांच्या पोटाला, अंधारात, जिथे वरून कधी दिसलंच नसतं तिथे, गुलाबी, जांभळं, मध्येच किरमिजी. तळहाताएवढे पट्टे. काचेवरून खरवडलेला चुरा पाण्याबरोबर तिथे जाऊन रुजला, म्हणून हे सगळं आपलंच कर्तृत्व, हे यांनी पडल्या पडल्याच जाहीर केलं. मी त्यांना एक चापट मारली आणि हसत सुटले. समोरच्या बाईंनी खिडकीतून आम्हाला फरशीवर बघितलं असेल तर देव जाणे काय वाटलं असेल.

उठायचं कुणीच नाव घेईना. टॉर्च अजून खडकांखाली धरलेलाच होता.

"सामान जाऊ दे ट्रकने," हे म्हणाले. "खडकांची बादली मी मांडीवर घेऊन बसतो."