अर्थशास्त्राचा धडा

ओल्या मेथीचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. मोबाईलवरूनच कॉलेज करणाऱ्या माझ्या लेकीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. फुकट मिळालेलं पुस्तक मोबाईलवर उघडं होतं आणि पुढ्यात जठारपेठेच्या बाजारात न्यायच्या मेथीचा ढीग. तिचे हात चिखलाने भरलेले. "आई, तू वाच, मी जुड्या बांधता बांधता आयकतो." "मले चौथीपर्यंतचंच येते." "मंग पाचवीपासून सुरू कर." मी हळूच वाचू लागले. "आली मोठी मास्तरीण," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. मी आणखीच हळू वाचू लागले. लेक म्हणाली, "आई, आयकू नाही आलं." मग मी मोठ्याने, अडखळत, अख्खा धडा वाचला. ती पास झाली. आता मी रोज एक पान वाचते, माझ्यासाठी.